मान वळली कशाने? डोपामीनची जागा अडवणारे रेणू

पावसाळ्याच्या दिवसांत पोट बिघडण्याच्या तक्रारी वाढतात, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. वर्गातली हजेरीच ते सांगते. वसईतील पापडी येथे शिकवणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका शिक्षिकेने सांगितलेला प्रसंग असाच पावसाळ्यातला आहे. दहावीतली एक मुलगी आदल्या दिवशी उलट्यांनी हैराण झाली होती. उलट्या थांबवण्याचे औषध घेतल्यावर तिला बरे वाटले आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली. तिसऱ्या तासाला तिची मान हळूहळू एका खांद्याकडे वळू लागली. जबडा घट्ट झाला, डोळे वर चढले. मुलगी पूर्ण शुद्धीवर होती, विचारलेले तिला सारे समजत होते; पण मान सरळ करणे तिच्या हातात राहिले नव्हते. वर्गातल्या मुली रडू लागल्या. घरून आलेल्या मंडळींपैकी कोणी मीठमोहऱ्या ओवाळण्याची भाषा करू लागले, तर कोणी भगताकडे न्यायचे म्हणाले. बाईंनी ते ऐकले नाही. त्यांनी रिक्षा बोलावली आणि आदल्या दिवशीच्या गोळ्यांची पट्टी सोबत घेऊन मुलीला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पट्टीवरचे नाव वाचले, एक इंजेक्शन दिले, आणि अर्ध्या तासाच्या आत मान जागेवर आली.

बाईंचा प्रश्न साधा होता. औषध होते पोटाचे. मग मान का वळली?

गोळीचे नाव होते मेटोक्लोप्रामाइड. पोटाचे औषध म्हणून ते ओळखले जात असले तरी त्याचे एक मुख्य काम मेंदूच्या दारात चालते. ते डोपामीन या रसायनाची जागा अडवते. असे जागा अडवणारे रेणू गेली साठ-सत्तर वर्षे मेंदूच्या संशोधकांच्या हातातले महत्त्वाचे हत्यार ठरले आहेत. त्यांपैकी हॅलोपेरिडॉल हा रेणू तर जगातल्या बहुतेक औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत सापडेल. त्याच्या कहाणीतला एक धागा सोलापुरातूनही जातो.

आधी डोपामीनविषयी थोडेसे. मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तेव्हा दोघींच्या मधल्या अतिशय अरुंद फटीत ती एखादे रसायन सोडते. पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनाचे बनलेले 'ग्राही' असतात. रसायनाचा रेणू ग्राहीत नीट बसला की ग्राहीचा आकार किंचित बदलतो आणि पेशीच्या आत पुढची कामे सुरू होतात. डोपामीन हे अशा निरोप्यांपैकी एक. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांपैकी डोपामीन बनवणाऱ्या पेशी अवघ्या काही लाख. तरीही हालचालींची सुरुवात, एखादी गोष्ट हवीशी वाटणे, उलटीची भावना, बाळंतिणीचे दूध अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या वाटणाऱ्या गोष्टींवर त्यांचा ताबा चालतो. या पेशी मोठ्या प्रमाणात नष्ट झाल्या की कंपवात होतो, म्हणजेच पार्किन्सनचा विकार.

ग्राहीत बसून त्याला कामाला लावणारा एक रेणू, आणि ग्राहीत बसून काहीच न करणारा दुसरा रेणू, असा फरक इथे लक्षात घ्यावा लागतो. पाठ्यपुस्तके कुलूप-किल्लीची उपमा देतात. कुलपात जाणारी पण न फिरणारी किल्ली म्हणजे अवरोधक. उपमा चांगली आहे, पण तिच्यात एक उणीव आहे. किल्ली एकदा अडकली की अडकलीच, असे तिच्यावरून वाटते. प्रत्यक्षात दोन्ही प्रकारचे रेणू सतत येतात, बसतात, उठतात. म्हणून आम्हाला संगीत खुर्चीचा खेळ अधिक बरा वाटतो. तो वर्गात कागदावर सहज करता येईल.

फळ्यावर १० चौकोन काढावेत. हे १० ग्राही. एका डब्यात पांढऱ्या १० चिठ्ठ्या (डोपामीन) आणि लाल १० चिठ्ठ्या (अवरोधक) ठेवाव्यात. प्रत्येक रिकाम्या चौकोनासाठी न बघता एक चिठ्ठी काढायची, तिचा रंग चौकोनात लिहायचा आणि चिठ्ठी डब्यात परत टाकायची. पांढरी चिठ्ठी एकच फेरी बसते आणि उठते. लाल चिठ्ठी मात्र पाच फेऱ्या हलत नाही. अशा तीसेक फेऱ्या कराव्यात. पहिल्या दहा सोडून द्याव्यात आणि उरलेल्या फेऱ्यांत सरासरी किती चौकोन लाल असतात ते मोजावे. चिठ्ठ्यांची संख्या सारखी असूनही १० पैकी ८ च्या आसपास चौकोन लाल दिसतील. कारण बसण्याची संधी दोघांना सारखी असली तरी बसून राहण्याचा काळ ५ : १ आहे. आता पांढऱ्या चिठ्ठ्या १० ऐवजी ५० करून पाहावे. लाल चौकोन निम्म्यावर येतील. अवरोधकाची ताकद त्याच्या चिकटपणावर तर असतेच, पण समोर डोपामीन किती आहे यावरही असते, हे विद्यार्थ्यांना तोंडी सांगण्यापेक्षा या खेळातून लवकर पटते.

मेंदूत अशी जागा अडवता येते हे उमगायला बराच काळ लागला, आणि त्या शोधाची वाट भारतातूनच सुरू झाली. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे फार पूर्वीपासून वापरात होती. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडाच्या विकारांवर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो, असे प्रसिद्ध केले. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात काम करणारे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिची पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष सर्पगंधेकडे खऱ्या अर्थाने गेले ते यानंतर. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्या मुळातून रिसर्पीन हा शुद्ध घटक वेगळा केला.

रिसर्पीन दिलेले ससे निपचित पडत. कान खाली, हालचाल बंद. १९५७ साली स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी अशा सशांना एल-डोपा टोचले. एल-डोपापासून शरीर डोपामीन बनवते. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. तोपर्यंत डोपामीनला कोणी फारसे मोजत नव्हते. दुसरे एखादे रसायन बनताना वाटेत लागणारा एक टप्पा, एवढीच त्याची ओळख होती. या सशांनी ते मत बदलायला लावले. (कार्लसन यांना यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले ते २००० साली, म्हणजे तब्बल ४३ वर्षांनी.) एक गंमत इथेच सांगून टाकतो. एल-डोपा हा पदार्थ कोकणातल्या कुंपणांवर चढणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत भरपूर असतो. मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच तो त्या बियांतून मिळवला होता. मुंबईत डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर या बियांची चाचणी घेऊन १९७८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र बियांतले प्रमाण मोजल्याशिवाय घरी असे प्रयोग कोणी करू नयेत.

रिसर्पीन हे अवरोधक नव्हे. ते डोपामीनची कोठारे रिकामी करते. खेळाच्या भाषेत सांगायचे तर डब्यातल्या पांढऱ्या चिठ्ठ्याच काढून घेते. त्याच काळात दुसरी दोन औषधे आली होती. १९५२ पासून फ्रान्समध्ये छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना क्लोरप्रोमाझीन दिले जाऊ लागले; आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये बेल्जियममधील पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत हॅलोपेरिडॉल तयार झाले. या औषधांनी रुग्णांचे भास आणि संशय कमी होत, पण हातपाय ताठर होत, चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार होई. दिसायला परिणाम बराचसा रिसर्पीनसारखाच होता. म्हणून हीसुद्धा कोठारे रिकामी करत असतील, असा तर्क सहज सुचणारा होता.

कार्लसन आणि मार्गिट लिंडक्विस्ट यांनी उंदरांच्या मेंदूत मोजमाप केले, तर डोपामीनचा साठा कमी झालेला नव्हता. उलट डोपामीन वापरले गेल्यावर जो अवशेष उरतो त्याचे प्रमाण वाढले होते. म्हणजे पेशी नेहमीपेक्षा जास्तच डोपामीन सोडत होत्या, आणि तरीही प्राणी ताठर होता! १९६३ सालच्या निबंधात त्यांनी याचा अर्थ असा लावला : औषध पलीकडची जागा अडवून बसते, निरोप पोचत नाही, आणि निरोप पोचत नाही म्हणून पाठवणारी पेशी अधिकाधिक निरोप पाठवते. दार आतून बंद असले की बाहेरचा माणूस जोरजोरात कडी वाजवतो, तसे. ग्राही कोणी पाहिलेला नव्हता. केवळ वाजणाऱ्या कडीवरून बंद दार ओळखण्याचा हा तर्क विज्ञानाच्या पद्धतीचा उत्तम नमुना म्हणून वर्गात सांगण्याजोगा आहे.

प्रत्यक्ष पुरावा यायला आणखी बारा वर्षे लागली. टोरोंटोचे फिलिप सीमन आणि त्यांचे सहकारी, तसेच अमेरिकेत सोलोमन स्नायडर यांचा गट, यांनी १९७५-७६ मध्ये किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेले हॅलोपेरिडॉल वापरले. मेंदूच्या ऊतीच्या लगद्यात ते मिसळायचे, धुऊन काढायचे आणि किती चिकटून राहिले ते मोजायचे. मग त्यात दुसरे औषध घालायचे आणि ते हॅलोपेरिडॉलला किती सहज हुसकावते हे पाहायचे. निष्कर्ष विलक्षण सुबक निघाला. ज्या औषधाला हुसकावण्यासाठी कमी मात्रा पुरते, त्याचाच रुग्णाला लागणारा डोसही कमी असतो. क्लोरप्रोमाझीन दिवसाला शेकडो मिलिग्रॅम लागते, हॅलोपेरिडॉल मोजके काही मिलिग्रॅम. त्या दोघांच्या चिकटपणातही तसाच फरक होता.

हा चिकटपणा किती असावा? एका लिटर पाण्यात साधारण १ नॅनोमोल एवढे हॅलोपेरिडॉल असले तरी ग्राहींचा मोठा हिस्सा व्यापला जातो. त्याचा रेणुभार सुमारे ३७६. तेव्हा १ नॅनोमोल म्हणजे ०.३७६ मायक्रोग्रॅम. घराच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी घेतली तर तिला ०.३७६ मिलिग्रॅम पुरे. दीड मिलिग्रॅमच्या एका गोळीत अशा चार टाक्या होतील. मोल आणि रेणुभार शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

आता सोलापूरकडे वळू. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाच्या औषधशास्त्र विभागात जे. जे. बलसारा, जे. एच. जाधव आणि ए. जी. चांदोरकर हे संशोधक या प्रश्नावर काम करत होते. हॅलोपेरिडॉल टोचलेला पांढरा उंदीर झोपत नाही, बेशुद्धही होत नाही. पण त्याला ज्या स्थितीत ठेवाल त्या स्थितीत तो राहतो. त्याचे पुढचे पाय जमिनीपासून काही सेंटिमीटर उंच ठेवलेल्या आधारावर टेकवले, तर निरोगी उंदीर लगेच खाली उतरतो. हॅलोपेरिडॉल दिलेला उंदीर मात्र तसाच उभा राहतो. तो किती वेळ उभा राहिला हे घड्याळाने मोजायचे. यंत्र म्हणाल तर एवढेच. मोठ्या खर्चाच्या साधनांविना मेंदूतील रसायनांविषयी नेमका प्रश्न विचारता येतो, तो असा.

सोलापूरच्या या तिघांचा प्रश्न होता : ही ताठरता फक्त डोपामीनच्या अडवणुकीवर ठरते, की सिरोटोनिन या दुसऱ्या निरोप्याचाही तीत हात असतो? त्यांनी सिरोटोनिनचे काम वाढवणारी औषधे दिली तेव्हा हॅलोपेरिडॉलची ताठरता वाढली. सिरोटोनिनची निर्मिती रोखणारे किंवा त्याची जागा अडवणारे औषध दिले तेव्हा ती कमी झाली. १९७९ साली 'सायकोफार्माकॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात हा निबंध छापून आला. पुढे १९९० च्या दशकात रिस्पेरिडोनसारखी जी औषधे आली, ती डोपामीनबरोबर सिरोटोनिनचीही जागा अडवतात, आणि माफक मात्रेत त्यांच्याने ताठरता कमी येते. ही औषधे सोलापूरच्या निबंधातून निघाली असे आम्ही म्हणत नाही. या दिशेने अनेक ठिकाणी काम सुरू होते. पण जिल्ह्याच्या गावातल्या एका विभागाने योग्य वेळी योग्य प्रश्न विचारला होता, आणि आपल्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक नाही, याची खंत वाटते. (असे प्रयोग शाळेत करण्याचा मोह कोणी धरू नये. प्राण्यांवरील प्रयोगांसाठी १९९८ पासून आपल्याकडे कायद्याचे नियम आहेत आणि संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते.)

दरम्यान डोपामीनचा ग्राही एकच नाही हेही कळून चुकले होते. १९७९ साली डी-१ आणि डी-२ अशी विभागणी सुचवली गेली. आज आपल्याला पाच प्रकार ठाऊक आहेत. हॅलोपेरिडॉल मुख्यतः डी-२ अडवते. केवळ डी-१ अडवेल असा रेणू १९८३ मध्ये हाती आला. त्याचे नाव एस.सी.एच. २३३९०, तो औषध म्हणून नव्हे, तर प्रयोगशाळेतले हत्यार म्हणूनच प्रसिद्ध आहे. यामुळे कोणता परिणाम कोणत्या ग्राहीमार्फत होतो हे वेगळे काढता येऊ लागले. पण पुढे असे दिसले की हा 'शुद्ध' रेणूही सिरोटोनिनच्या एका ग्राहीवर बसतो, आणि तिथे तो जागा अडवत नाही, उलट त्या ग्राहीला कामाला लावतो. तेव्हापासून शहाणे संशोधक एकाच अवरोधकाच्या भरवशावर निष्कर्ष काढत नाहीत.

जिवंत माणसाच्या मेंदूत किती जागा अडल्या आहेत हेही मोजता येते. १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये रॅक्लोप्राइड या अवरोधकाला किरणोत्सारी कार्बन-११ जोडून हे साधण्यात आले. कार्बन-११ चा अर्धायुकाल सुमारे २० मिनिटे. दोन तासांत तो चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे तो बनवणारे यंत्र रुग्णालयाला लागूनच असावे लागते. अशा मोजमापांतून मिळालेला आकडा शिक्षकांनी आपल्या १० चौकोनांवर लावून पाहावा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डी-२ च्या ६५ टक्क्यांहून अधिक जागा अडल्या तर छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना उतार पडण्याची शक्यता वाढली. ७८ टक्क्यांच्या वर गेल्या तर ताठरता दिसू लागली. १० पैकी साडेसहा आणि ८ यांच्या मधली ही चिंचोळी वाट. मनोविकारतज्ज्ञ मात्रा हळूहळू का वाढवतात, आणि रुग्णाने आपल्या मनाने गोळी दुप्पट किंवा बंद का करू नये, याचे उत्तर त्या वाटेत आहे.

पापडीच्या मुलीकडे परत येऊ. उलटीचा इशारा देणारे मेंदूतले एक केंद्र अशा जागी आहे की रक्तातले पदार्थ त्याच्यापर्यंत सहज पोचतात. तिथले डी-२ ग्राही अडवले की उलटी थांबते. मेटोक्लोप्रामाइड हेच करते. मेंदूचा बाकीचा भाग मात्र रक्तापासून एका अडसराने राखलेला असतो, आणि मेटोक्लोप्रामाइड तो अडसर ओलांडते. आत हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागात डोपामीन आणि ॲसिटिलकोलीन यांचा तोल असतो. डोपामीन ॲसिटिलकोलीनला आवरून धरते. डोपामीनची जागा अडली की हा आवर सुटतो आणि मानेचे, जबड्याचे, डोळ्यांचे स्नायू आपोआप आकुंचन पावतात. डॉक्टरांचे इंजेक्शन प्रोमेथाझीनचे होते. ते ॲसिटिलकोलीनची जागा अडवते. एका अवरोधकाने बिघडवलेला तोल दुसऱ्या अवरोधकाने सावरला.

हा त्रास थोड्याच जणांना होतो, पण लहान वयात, विशेषतः तरुण मुलींत, त्याची शक्यता अधिक असते. औषध सुरू केल्यापासून तो बहुधा एक-दोन दिवसांतच दिसतो. यात औषध देणाऱ्याचा दोष असतोच असे नाही. नेमलेल्या मात्रेतही तो होऊ शकतो. युरोपात २०१३ साली या औषधाचा वापर एका वर्षाखालील बाळांसाठी बंद करण्यात आला आणि इतरांसाठी पाच दिवसांपुरता मर्यादित ठेवण्यात आला. यान्सेन यांच्याच प्रयोगशाळेने १९७४ साली डोम्पेरिडोन नावाचा रेणू बनवला होता. तोही डी-२ अडवतो, पण मेंदूचा अडसर फारसा ओलांडत नाही. त्यामुळे मान वळण्याचा प्रकार त्याच्याने क्वचितच होतो. मात्र त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून तोही दुकानातून आपल्या मनाने घेण्याचा नाही.

शिक्षकांच्या दृष्टीने एवढे ध्यानात असावे. मूल शुद्धीवर आहे, पण मान, जबडा, जीभ किंवा डोळे वळलेले आहेत, असे दिसले तर गेल्या दोन दिवसांत कोणती गोळी घेतली ते आधी विचारावे आणि पट्टी सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा. श्वास घेताना किंवा गिळताना अडत असेल तर क्षणही दवडू नये. मान हाताने जोर लावून सरळ करू नये. बाईंनी नंतर त्या मुलीच्या शाळेच्या दैनंदिनीत, जिथे रक्तगट लिहायची जागा असते तिथे, लाल शाईने औषधाचे नाव लिहून घेतले. पुढच्या आठवड्यात तिच्या वर्गातल्या आणखी चार मुलींनी आपापल्या घरी विचारून आणलेली नावे लिहिली. त्यांतले एक नाव हेच होते.